निळ्या कापडाचं दुसरं टोक

१

गुरुवारी सकाळी नऊला चर्चच्या तळघरात दिवे लागले की समजावं, गोधडीवाल्या आल्या. सात जणी होत्या. लांब टेबलं जोडायची, कॉफीचं मोठं भांडं चढवायचं आणि दुपारपर्यंत हात चालवायचे. तोंडं हातांपेक्षा जोरात चालायची. तयार झालेल्या गोधड्या खोक्यांत भरून समुद्रापार जायच्या, घरदार सोडून तंबूत राहणाऱ्या लोकांसाठी. त्या कोण अंगावर घेतं हे या बायकांना कधी कळलं नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही. थंडी कशी असते ते त्यांना माहीत होतं. त्यांच्या गावात नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नसे.

मार्लिस त्यांची पुढारी. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण एखादीचा टाका वाकडा गेला तर ती मार्लिसकडे बघायची आणि मार्लिस काही न बोलता उसवायची सुई पुढे सरकवायची. वय सहासष्ट. बोलण्यात चोख. तिचा शब्द म्हणजे शब्द, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात त्यांच्यातल्या व्हर्नाची मावशी इर्मा गेली, आणि तिचा कापडाचा साठा तळघरात आला. अशा बाईचा साठा असाच येतो. मुलांना त्याचं काय करायचं ते कळत नाही, बरोबरच्या बायकांना कळतं. तेवीस खोकी निघाली. बायकांनी हसत-खिदळत पहिली चार उघडली आणि मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. एकाही घडीला कात्री लागलेली नव्हती. फुलांची, ठिपक्यांची, चौकटींची कापडं, चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीची, दुकानातून आली तशी.

"मावशी म्हणायची, हे चांगलं आहे, काहीतरी चांगलं करायचं असेल तेव्हा काढू," व्हर्ना म्हणाली.

मग अर्डेल म्हणाली, "माझ्याकडे याच्या दुप्पट आहे. आणि मी इर्मापेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान आहे."

अर्डेल मार्लिसची शेजारीण. दोघींच्या घरांमध्ये एक कुंपण आणि चाळीस वर्षांची मैत्री.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी मार्लिसनं सगळ्यांना शपथ घ्यायला लावली. कोपऱ्यातल्या जुन्या पायमशीनवर सातही हात. वर्षभर बोटभरही नवं कापड विकत घ्यायचं नाही. घरात आहे ते संपवायचं. जी मोडेल तिनं पुढचं वर्षभर सगळ्यांचे चुकलेले टाके उसवायचे.

"म्हणजे मी त्या दुकानाच्या रस्त्यानं जायचंच नाही," अर्डेल म्हणाली. "नुसता नव्या कापडाचा वास आला तरी माझी गाडी आपोआप वळते."

"मग चालत जा," मार्लिस म्हणाली.

२

मार्लिसची शिवणाची खोली माडीवर, उतरत्या छपराखाली. तिथलं भिंतीतलं कपाट खोल होतं. पुढे उभं राहण्याइतकं उंच, आणि मागे छप्पर खाली येत जाऊन शेवटी हातभर उंचीची अंधारी फट. मागच्या फळीवरचं काही हवं असेल तर वाकून, खांदा आत घालून, चाचपडून ओढायचं. मार्लिसचे गुडघे हल्ली कुरकुर करत, म्हणून ती कधी पुरती आत शिरत नसे.

प्रत्येक कापडाला तिनं टाचणीनं चिठ्ठी लावलेली असायची. किती वार, कधी घेतलं, कशासाठी. जानेवारीपासून ती एकेक चिठ्ठी काढत होती आणि कपाट मोकळं होत होतं. मनाला फार बरं वाटत होतं. नवऱ्याला, हार्लनला, ती जेवताना सांगायची, "वरची फळी झाली." तो म्हणायचा, "मग आता तिथं माझी मासेमारीची काठी ठेवू का?" ती म्हणायची, "ठेवून बघ."

फेब्रुवारीत ते निळं हाताला लागलं. मागच्या फळीवरून त्याचा काठ ओढला तेव्हा चिठ्ठी पुढे आली. तिचंच अक्षर. १९८४, सहा वार. 'कशासाठी'च्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

रंग म्हणाल तर बर्फ वितळायला लागल्यावर शेतात साचतं त्या पाण्यासारखा. त्यावर इंचभर अंतरावर बारीक पांढऱ्या कळ्या. हात फिरवला की बोटं थांबत, असं ते कापड होतं. विकत घेतल्याचं तिला आठवेना, पण असल्या कापडाला कोण नाही म्हणेल?

तिनं त्याचे काठ करायला घेतले. इतर जुनी कापडं मधल्या चौकोनांना आणि हे निळं भोवतीनं. दोन गोधड्या झाल्या, तिसरीला चौथ्या बाजूची पट्टी अकरा इंच कमी पडली. मोजण्यात चूक झाली होती तर. कपाटातून उरलेलं ओढलं तर हातात वीतभर तुकडा आला, त्याचं दुसरं टोक फळीच्या कडेशी अडकलेलं. तिनं मान हलवली. केव्हाच छपाई बंद झालेल्या कापडाचे अकरा इंच कुठून आणायचे? आणि मिळाले तरी शपथ होतीच. कोपऱ्याला दुसऱ्या निळ्याचं ठिगळ लावू, असं ठरवून ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठिगळ शोधायला वर आली. फळीवरून निळं कापड खाली लोंबत होतं. जमिनीला टेकेल इतकं.

"बघ, नीट ओढलंच नव्हतं मी," ती स्वतःशी म्हणाली. पट्टी कापली, जोडली, गोधडी पुरी केली. मनात आनंदच झाला.

३

मार्चच्या मध्याला तिनं हिशेबाला कागद घेतला. निळ्या काठाच्या सात गोधड्या चर्चमध्ये गेल्या होत्या. चिठ्ठी सहा वार म्हणत होती. तिनं कापलं होतं साडेचौदा.

मार्लिस घाबरट बाई नव्हती. तिनं एकेक शक्यता पुढ्यात घेतली. दुकानदारानं चिठ्ठीपेक्षा जास्त दिलं असेल. पण आठ वार जास्त कोण देतं? आपण तेच कापड दोनदा घेतलं असेल. पण मग दुसरी चिठ्ठी? की डोकंच जायला लागलंय? तिनं बसल्या बसल्या आपल्या शाळेतल्या वर्गातल्या एकोणीस जणांची नावं बाकांच्या क्रमानं म्हटली. सगळी आली. मग तिनं कापडाच्या टोकाला लाल दोऱ्याचा एक टाका घातला आणि वारभर मोजून तिथं दुसरा. दुसऱ्या दिवशी दोन्ही लाल टाके जागच्या जागी होते. तिच्या बाजूचं कापड होतं तसंच होतं. वाढत होतं ते मागून, अंधारातून.

तिनं हार्लनला बॅटरी देऊन आत डोकवायला सांगितलं. तो गुडघ्यावर बसून कण्हत आत शिरला.

"काय दिसतंय?"

"कापड. चाळीस वर्षं या कपाटात मला दुसरं काय दिसलंय?"

"किती आहे?"

"चवड आहे. छान रचलेली. तुझ्यापेक्षा छान, रागावू नकोस. तिहेरी घडी."

प्रत्येक बाईची घडी वेगळी असते, आणि मार्लिसची चौपदरी होती. आईनं शिकवलेली. आयुष्यात तिनं कधी तिहेरी घडी घातली नव्हती.

"मागे भिंत आहे ना?" तिनं विचारलं.

"असणारच की," बाहेर येत, कपडे झटकत हार्लन म्हणाला. "म्हणजे चवडीमुळे दिसली नाही. पण जाईल कुठे?"

त्यानंतर दुपारी मशीन थांबवलं की तिला आवाज यायला लागला. मोठा नव्हता. लांब कुठेतरी कोणी धुतलेली चादर झटकावी तसा. एकदा, आणि जरा वेळानं पुन्हा. बाहेर वारा असेल असं म्हणून ती खिडकीशी जायची, तर अर्डेलच्या घराचा धूर सरळ वर चाललेला असायचा.

भीती वाटायची का? वाटायची. पण आणखीही काही वाटायचं, जे तिनं कोणाला सांगितलं नाही. ती कपाटाचं दार उघडायची आणि तिचे हात आपोआप एकमेकांत गुंतायचे, जसे रविवारी चर्चच्या बाकावर गुंतायचे. आवाज बारीक व्हायचा. त्या खोलीत ती हल्ली गुणगुणतही नसे.

आणि तरी ती कापत होती. कापलं की गोधडी होत होती. गोधडी झाली की कोणाला तरी ऊब मिळत होती. थांबायचं तर कशाच्या जोरावर?

४

"अकरा," अर्डेल म्हणाली.

एप्रिलचा दुसरा गुरुवार होता. खोकी भरायचा दिवस, म्हणून सगळ्या गोधड्या टेबलावर रचल्या होत्या. अर्डेल त्या ढिगाशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय अकरा?" व्हर्नानं विचारलं.

"या निळ्या काठाच्या. मी मोजल्या. एका गोधडीला दोन वार धर. मार्लिस, केवढं होतं गं ते कापड?"

मार्लिसनं सुईत दोरा ओवायला सुरुवात केली. "होतं बरंच."

"बरंच म्हणजे? चौऱ्याऐंशी सालचं ना? तेव्हा आपण दोघी एकाच गाडीनं दुकानात जायचो. एवढा तागा तू घेतला असतास तर तो मांडीवर घेऊन मीच बसले असते."

"तुला सगळं आठवतं का?"

"कापड आठवतं. नवऱ्याचा वाढदिवस विसरेन, कापड नाही."

हशा पिकला. मार्लिस हसली नाही, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मागच्या मंगळवारी तुझी गाडी दुकानासमोर होती," अर्डेल म्हणाली. आता तिचा आवाज जरा खाली आला होता.

"दाताचा डॉक्टर शेजारी आहे."

"एवढा वेळ?"

"दाढ होती, अर्डेल! तोंड उघडून दाखवू का?"

"अगं, त्यात काय," व्हर्ना मध्ये पडली. "बायबलात नाही का त्या विधवेचं पिठाचं मडकं. रोज काढायची आणि रोज तेवढंच. तसलं काहीतरी असेल." तिनं गंमत म्हणूनच म्हटलं होतं.

मार्लिसच्या हातातून सुई पडली.

"मी काही विकत घेतलेलं नाही," ती म्हणाली. शब्द सरळ होते, पण तिच्या कानांनाच ते खोटे वाटले. "शपथ मी घातली. मी मोडेन का?"

एकीनं कॉफीत चमचा फिरवला. दुसरीनं उगाच खोक्याची चिकटपट्टी ओढली. चाळीस वर्षं जिच्या शब्दाला कोणी हात लावला नव्हता, तिच्याकडे सहा जणी बघत नव्हत्या. अर्डेलही नाही. ते न बघणं मार्लिसला कपाटातल्या आवाजापेक्षा जास्त झोंबलं.

"उद्या दहाला घरी ये," ती अर्डेलला म्हणाली. "तुझ्या हातानं ओढ. टोक येईपर्यंत ओढ. मग येऊन यांना सांग."

"मला काही पोलिसगिरी करायची नाही."

"पण करायला लागलीस. आता पुरी कर."

५

शुक्रवारी हार्लन कॉफी प्यायला गावात गेला होता. अर्डेल बरोबर दहाला आली, हातात केळ्याच्या केकचा डबा. भांडायला येतानाही ती रिकाम्या हातानं येणाऱ्यातली नव्हती.

दोघी वर गेल्या. कपाट जवळजवळ मोकळं झालेलं पाहून अर्डेलचा चेहरा मऊ पडला. "अगं, खरंच संपवलंस की." मग तिनं मागच्या फळीवरून लोंबणाऱ्या निळ्याला हात लावला. तिची बोटं तिथंच थांबली.

"हे कापड," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "अगं, हे कापड."

"एक कोपरा तू धर, एक मी. मागे चालत राहायचं."

दोघी उलट्या पावलांनी खोलीबाहेर निघाल्या. कापड सुरळीत येत होतं. अर्डेल वार मोजत होती, मोठ्यानं. माडीवरच्या वाटेच्या टोकाशी आठ झाले. "हं," ती म्हणाली, म्हणजे अजून काही नवल नाही. जिना उतरताना एकेका पायरीला पाऊल चाचपत दोघी खाली आल्या. सोळा. दिवाणखान्यातून सरळ मागे, स्वयंपाकघराच्या दारात तेवीस. आता अर्डेल मोठ्यानं मोजत नव्हती, नुसते ओठ हलत होते. ओट्याला पाठ टेकली तेव्हा तीस.

कापड त्यांच्या हातांपासून दिवाणखान्यातून जिन्याकडे गेलं होतं आणि जिन्यानं वर. एखाद्या तळ्याला पाय फुटून ते घर चढून गेल्यासारखं दिसत होतं. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"मार्लिस," अर्डेल म्हणाली. "माझं चुकलं. तू काही विकत घेतलं नाहीस."

"हं."

"मी सांगेन सगळ्यांना. आता सोडू या का?"

"टोक बघायचंय मला."

तेवढ्यात कापडाला हिसका बसला.

जोराचा नव्हता. दोन छोटे हिसके होते, एकापाठोपाठ. लांब चादर दोघींनी धरून घडी घालायची असली की अशीच सुरुवात करतात. आधी ताणायची, मग एक बाई दोन हिसके देते, सुरकुत्या जाव्यात म्हणून. समोरची उलट दोन देते. मग दोघी एकमेकींकडे चालत येतात.

मार्लिस गोठून उभी राहिली. पण अर्डेलच्या मनगटांनी, अर्डेलला न विचारता, उलट दोन हिसके दिले.

साठ वर्षांची सवय. हात झाला, आणि मग तिला कळलं आपण काय केलं.

"अरे देवा," ती पुटपुटली.

६

आधी कापड सैल पडलं. मग वर, जिन्याच्या माथ्यावर, ते जमिनीवरून उचललं गेलं. कमरेच्या उंचीपर्यंत. आणि तिथून तसंच उचललेलं राहून खाली यायला लागलं.

पायऱ्या वाजत नव्हत्या. त्या जिन्याची तिसरी पायरी मांजर उतरलं तरी वाजायची. फक्त कापडाची सळसळ येत होती, आणि तिच्याबरोबर उजेड. त्या जिन्यावर खिडकी नव्हती. एप्रिलातल्या सकाळी दहालाही तिथं दिवा लावावा लागायचा. आता भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोची काच चकाकली, मग कठडा, मग खालची सतरंजी.

"सोड," मार्लिस म्हणाली. पण तिचेही हात सुटत नव्हते. कोणीतरी आपला वाटा उचलून इतक्या अदबीनं चालत येत असताना कापड जमिनीवर कसं टाकायचं? कोणी तसं करत नाही.

जिन्याच्या वळणाशी ते थांबलं.

दोघींनी जे पाहिलं ते सारखंच होतं का, हे त्यांनी पुढे कधी एकमेकींना विचारलं नाही. मार्लिसनं पाहिले ते हात. दोनच, मनगटापर्यंत. कापडाचे दोन कोपरे चिमटीत धरलेले, उंच केलेले. गोऱ्या किंवा काळ्या, म्हाताऱ्या किंवा तरुण बाईचे म्हणता येतील असे ते नव्हते. नुसते कामाचे होते. आणि त्यांच्यामागे, जिथं जिन्याची भिंत असायला हवी, तिथं भिंत नव्हती. माळ होता. या माळाच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईनंही इतका लांबवर माळ कधी पाहिला नव्हता. त्यावर निळ्या, तांबड्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या कापडांच्या रांगा ताणलेल्या होत्या, जवळच्या चादरीएवढ्या, पलीकडच्या रुमालाएवढ्या, त्याही पलीकडे नुसते रंगाचे ठिपके. प्रत्येक कापडाच्या एका टोकाला कोणी उभं होतं. दुसरं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. रिकामं. धरायला कोणाचा हात नाही असं.

ती वाट बघत उभी होती, सगळी. केव्हापासून, कोण जाणे. पण घाई कोणालाच नव्हती.

मार्लिसच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते भीतीचं नव्हतं. इतकं मोठं काही बघायला माणसाचे डोळे पुरत नाहीत, तेव्हा ते भरून येतात, तसं.

हात दिवाणखाना ओलांडून पुढे आले. कोपरे दोघींच्या समोर आले. आता एकीनं दुसरीच्या हातात द्यायचे आणि घडी पुरी व्हायची. घ्यायचे की द्यायचे? घेतले तर कापड इथं राहणार, संपवायला तिच्याकडे, आणि पलीकडचं टोक कायमचं तिच्या हातात. मार्लिसला एकच माहीत होतं, की तिनं संपवायचा शब्द दिला होता आणि हे तिच्यानं संपणारं नव्हतं. ते तिचं नव्हतंच. तिनं आपला कोपरा पुढे केला आणि त्या बोटांत ठेवला.

बोटं गार नव्हती. मधल्या बोटाच्या टोकाला घट्टा होता. गोधडीच्या खालून धरलेल्या हाताला सुई टोचून टोचून पडतो, तोच.

"घे, बाई," मार्लिस म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग टर्रर असा आवाज झाला आणि जिना पहिल्यासारखा अंधारला. भिंत होती. लग्नाचा फोटो होता. निळं कापड मात्र कुठेच नव्हतं. वर जाऊन तिनं कपाटाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला, तर मागच्या फळीवर धूळ आणि एक चिठ्ठी. भिंतीचं लाकूड हाताला लागलं.

खाली आली तेव्हा अर्डेल ओट्याशी पाठमोरी उभी होती. दोन्ही हात कोटाच्या खिशात. केकचा डबा न उघडताच ती घरी गेली.

७

पुढच्या गुरुवारी तळघरात कॉफी ओतायच्या आधीच अर्डेल उभी राहिली.

"मला काही सांगायचंय. मार्लिसनं बोटभरही कापड विकत घेतलेलं नाही. तिचं कपाट रिकामं आहे. मी जे बोलले ते मी सगळ्यांसमोर परत घेते."

"मग ते निळं?" व्हर्नानं विचारलं.

"होतं तिच्याकडे. संपलं."

व्हर्नानं मार्लिसचा खांदा थोपटला. दुसरीनं केकचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या बशीत ठेवला. पुन्हा सहाही जणी तिच्याकडे सरळ बघायला लागल्या, आणि इतक्या दिवसांनी मार्लिसला श्वास पुरता घेता आला. टेबलं जोडली गेली, सुया निघाल्या, कोणाची तरी सून तिच्या मागे चर्चेला आली.

अर्डेल मार्लिसच्या शेजारी बसली होती. कोट काढलेला नव्हता. सुई हातात होती, पण तिनं एक टाका घातला नव्हता.

"तू तुझा कोपरा दिलास," ती अगदी हळू म्हणाली.

"हो. तू?"

अर्डेल टेबलाकडे बघत राहिली. "नाही सोडवला. चांगलं होतं गं ते. हाताला कसं लागत होतं, तुला माहीत आहे. मी ओढलं, तर चार बोटांचा तुकडा आला फाटून. म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय."

मार्लिसनं हातातलं काम खाली ठेवलं. "आणि?"

"रविवारी वीतभर होतं. आज सकाळी सव्वादोन वार."

"घडी कशी आहे?"

"मी घातलेली नाही," अर्डेल म्हणाली. आणि मग, "तिहेरी आहे."

पलीकडे व्हर्ना कशावर तरी खळखळून हसली. अर्डेलच्या चेहऱ्यावर नुसती भीती नव्हती. लहान मुलीला पहिल्यांदा समुद्र दाखवावा तसा तो चेहरा होता.

"अर्डेल, ऐक. हिसका आला तर उलट देऊ नकोस. काही झालं तरी."

"आला."

"कधी?"

"मघाशी. निघता निघता. स्वयंपाकघरात खुर्चीवर ठेवलं होतं, मी सरळ करायला कोपरे धरले, आणि..." तिनं आपल्या मनगटांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ती शेजारणीची होती. "मी तसंच टाकून पळत आले. दार उघडं राहिलंय. मार्लिस, तिकडे ती कोपरे धरून उभी असेल. आणि इकडे कोणी नाही."

मार्लिसनं टेबलावरची कात्री उचलली, जरा वेळ हातात धरली आणि परत ठेवून दिली. मग तिनं खुर्चीवरचा कोट घेतला.

"चल."

"तू कशाला? तुझं तर संपलं."

"एवढ्या रुंद कापडाचे दोन कोपरे एकटीला धरता येतात का? ऊठ."

"या वेळी मी देईन," अर्डेल म्हणाली. "मार्लिस, शपथ, देईन."

"बघू," मार्लिस म्हणाली.

बाकीच्या पाच जणींनी त्यांना उठताना पाहिलं. व्हर्ना विचारणार होती, पण त्या दोघींचे चेहरे पाहून ती थांबली. तळघराच्या पायऱ्या चढताना अर्डेलनं मार्लिसचा हात घट्ट धरला होता. बाहेर आभाळ भरलेलं होतं, सकाळपासून बर्फ भुरभुरत होता. रस्त्याच्या टोकाला, अर्डेलच्या उघड्या दारातून, फाटकापर्यंत स्वच्छ ऊन पडलेलं होतं.